गुडघ्याचा कोन

१

१९९७च्या नोव्हेंबरात मला नाशिकजवळ दिंडोरी रस्त्यावरची ती नोकरी लागली, तेव्हा जनावरांची डॉक्टर होऊन मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. एका औषध कंपनीच्या मदतीने चालणारा तो छोटासा प्रकल्प होता. प्रमुख होते यज्ञेश्वर सर. घर पंचवटीतलं, यात्रेकरूंची पूजा सांगणारं. हे मात्र हाडांचे डॉक्टर झाले होते. वीस वर्षं माणसांचे गुडघे उघडून पाहिल्यावर त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसला होता. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते, मग गुडघ्यातली कूर्चाच एकदा झिजली की परत का येत नाही? कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचं ते पांढरं, गुळगुळीत अस्तर. सर म्हणायचे, अख्खा म्हातारपणाचा त्रास त्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये आहे.

जागा म्हणजे द्राक्षं पॅक करायला बांधलेली एक शेड होती. मालकाने तो धंदा सोडल्यावर सरांनी ती भाड्याने घेतली. पत्र्याचं छप्पर, विटांची जमीन, उंचावर झरोके आणि दोन मोठे पंखे, जे सुरू असले की बोललेलं ऐकू येत नसे. मधोमध बांबूचा आडोसा घालून दोन भाग केले होते. एका भागात सहा शेळ्या औषध मिळणाऱ्या, दुसऱ्या भागात सहा न मिळणाऱ्या. डिसेंबरात बाराही जणींना भूल देऊन प्रत्येकीच्या उजव्या गुडघ्याच्या कूर्चेत पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक पाडलं. नंतर औषध सुरू झालं. हाडजोडी म्हणतात ती कांडवेल, सालईचा डिंक आणि बाभळीची कोवळी साल, एवढ्या तीनच गोष्टींची पूड, गुळात कालवून. तिन्ही वस्तू तेव्हाही बाजारात मिळायच्या, आजही मिळतात. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर जे झालं त्यावरून कुणालाही वाटेल की सरांनी त्यात आणखी काहीतरी घातलं असणार. मी स्वतः कुटत होते. दुसरं काही नव्हतं.

शेळ्यांचं चारापाणी आणि झाडलोट नवसाबाई करायच्या. मखमलाबादच्या. सगळा जन्म गुलाबाच्या आणि झेंडूच्या वाफ्यांत उकिडवं बसून गेलेला. पंचावन्नाव्या वर्षी गुडघे असे झाले होते की चालताना त्या दोन्ही बाजूंना डोलायच्या आणि जमिनीवरून उठायचं तर आधी भिंत शोधायच्या.

२

माझं मुख्य काम मोजमापाचं. दर सोमवारी सकाळी एकेका शेळीला आडवं करायचं, मागचा पाय हळूच ताणायचा आणि गुडघा किती सरळ होतो ते कोनमापकाने बघायचं. दोन पट्ट्या एका खिळ्यावर फिरतात, असं ते साधं यंत्र.

शेळीच्या मागच्या पायाला मध्ये जो उलटा वाकलेला सांधा दिसतो, त्याला लोक गुडघा समजतात. ती खरी टाच. गुडघा वर असतो, पोटाशी, कातडीत दडलेला, आणि तो कायम थोडा वाकलेलाच राहतो. कितीही ताणला तरी एकशे पंचेचाळीस अंशांच्या आसपास अडतो. चारपायी जनावराची घडणच तशी आहे. गुडघा पुरता सरळ करून त्यावर अंगाचा भार टाकणं हे माणसाचं काम.

सहाव्या आठवड्यात चार नंबरच्या शेळीचा आकडा एकशे बावन्न आला.

मी यंत्र तपासलं. खिळा घट्ट होता. पुन्हा मोजलं, पुन्हा एकशे बावन्न. मी जास्त जोर लावला असेन असं समजून वहीत लिहिलं आणि पुढे गेले. पुढच्या सोमवारी औषधावरच्या सहाही जणी दीडशेच्या वर होत्या. आडोशापलीकडच्या सहा जणी होत्या तिथेच, एकशे पंचेचाळीसवर, आणि दुखऱ्या पायाने लंगडत होत्या.

सरांना दाखवलं तेव्हा ते खुश झाले. म्हणाले, सांधा मोकळा होतोय, सूज उतरतेय. मी म्हटलं, मोकळा सांधासुद्धा एकशे पंचेचाळीसलाच थांबायला हवा, तिथे हाडाला हाड लागतं. त्यांनी मला समजावलं की दर आठवड्याला मोजून मोजून माझा हात सरावला आहे, आणि सरावलेला हात नकळत जास्त ताणतो. हे पटण्यासारखं होतं. मला पटवून घ्यायचंही होतं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही, कारण ती मलाच मागाहून उमगली. भोक आम्ही फक्त उजव्या गुडघ्याला पाडलं होतं. सरळ मात्र दोन्ही गुडघे होत होते.

३

फेब्रुवारीत चाऱ्याचा घोळ सुरू झाला.

सुबाभळीच्या पेंढ्या आम्ही छताच्या तुळईला टांगून ठेवायचो, शेळ्यांनी पायदळी तुडवू नये म्हणून. दुपारी त्यातली एक सोडून खाली द्यायची. एके दिवशी पाहिलं तर औषधाच्या भागातली पेंढी खालून हातभर बोडकी झालेली. शेळी मागच्या पायांवर उभी राहून झाडाचा पाला ओरबाडते, यात नवल काहीच नाही. पण तेव्हा ती पुढचे पाय कशाला तरी टेकवते, झाडाला किंवा भिंतीला. शेडच्या भिंतींना महिन्यापूर्वीच चुना दिला होता. पलीकडच्या भागात भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत खुरांचे ओरखडे होते. इकडे एकही नव्हता. आणि पेंढी टांगलेली होती शेडच्या मधोमध, जिथे टेकायला काहीच नाही.

मी नवसाबाईंना विचारलं. त्या केर काढत होत्या, त्यांनी वर पाहिलंही नाही. म्हणाल्या, "त्या भितीला हात लावत नायत आता."

शेळीच्या पुढच्या पायाला त्या हात म्हणाल्या होत्या. जीभ घसरली असेल.

त्यानंतर मी कान देऊ लागले. पंखे चालू असले की आत काही कळत नसे. पण सकाळी थंडी असायची, पंखे बंद असायचे, आणि मी शेजारच्या खोलीत टेबलाशी लिहीत बसायचे. शेळ्या विटांवरून चालल्या की चार खुरांचा एक घाईचा, विस्कटलेला आवाज येतो. पलीकडच्या भागातून तो यायचा. अलीकडून येणारा आवाज सावकाश होता. टक. थोडं थांबून टक. टाचेच्या चपला घालून कुणी बाई येरझारा घालत असावी तसा. मी उठून दारापर्यंत जायचे तर सगळ्या चारी पायांवर उभ्या असायच्या आणि माझ्याकडे बघत असायच्या. दर वेळी. मला यायला उशीर झालाय असं वाटावं, इतक्या तयारीने.

मी स्वतःशी तर्क मांडत राहिले. कूर्चा जाड झाली असेल, त्यामुळे सांध्याचा आकार बदलला असेल, त्यामुळे उभं राहणं सोपं जात असेल. सर्कशीत बकऱ्या दोन पायांवर चालतात. यातलं एकेक वाक्य बरोबर होतं. पण ती सगळी एकापुढे एक ठेवली की माझ्या मनाला धीर येत नसे.

४

आता मला माझ्याबद्दल सांगायला हवं.

जानेवारीच्या शेवटी, ते आकडे नुकते वाढू लागले होते तेव्हा, नवसाबाईंनी माझ्याकडे ती पूड मागितली होती. मी गूळ कालवत होते आणि त्या समोर भिंतीला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "जनावर पंधरा दिवसात लंगडायचं राहिलं, ताई. मग मला का नाय?"

मी म्हटलं, अजून माणसांना द्यायची परवानगी नाही. त्यांनी वाद घातला नाही, फक्त खाली सांडलेली पूड गोळा करायला वाकल्या आणि मग त्यांना उठता येईना. मी हात दिला. त्यांच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, आहे काय यात? डिंक बायका बाळंतपणात खातात. कांडवेल लोक पापडात घालतात. झाडपालाच तो. मी त्यांना एका बरणीत पूड भरून दिली. संपल्यावर पुन्हा दिली. सरांना सांगितलं नाही.

आणि त्या बऱ्या झाल्या. तीन आठवड्यांत डोलणं गेलं. बसमधून उतरून ताठ चालत यायच्या. मला इतका आनंद झाला होता की शेळ्यांच्या आकड्यांकडे मी त्या आनंदाच्या आडून बघत होते. कुणाचं तरी दुखणं मी घालवलं होतं. नोकरीत, शिक्षणात, तोवरच्या आयुष्यात तेवढं स्वच्छ काम माझ्या हातून झालं नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी मी त्यांना चहा दिला आणि बसा म्हटलं. त्या म्हणाल्या, उभीच बरी. मी सहज विचारलं, गुडघे आता कसे आहेत? त्यांनी बराच वेळ बशीतला चहा संपवण्यात घालवला.

"पाय लय चांगले हायेत," त्या म्हणाल्या. "पण ताई, सकाळी मला जाग येती ना, तवा मी उभीच असते."

मी विचारलं, म्हणजे लवकर उठता का?

"उठत नाय. झोपते आडवी. डोळे उघडले की उभी असते. भितीपासून लांब, खोलीच्या मधी." मग थोड्या संकोचाने म्हणाल्या, "सूनबाई म्हणती, लय वेळच्या उभ्या होता तुम्ही."

मी त्याच दिवशी पूड बंद करायला सांगितली. त्या हो म्हणाल्या. बरणी परत आणून दिली, तेव्हा ती रिकामी होती, धुऊन पुसलेली.

५

त्यानंतरचा आठवडा. गुरुवार होता, दुपारचा एक वाजला असेल. मी खोलीत डबा उघडून बसले होते आणि वीज गेली.

पंखे फिरत फिरत थांबले. ते थांबल्यावर शेड किती शांत आहे ते जाणवलं. दुपारी शेळ्या बसून रवंथ करतात, तो दळल्यासारखा आवाज पलीकडच्या भागातून येत होता. अलीकडून काहीच नाही. खोकला नाही, शिंक नाही, गळ्यातली साखळीसुद्धा वाजत नव्हती. सहा जनावरं एवढी गप्प असू शकत नाहीत. मी पोळीचा तुकडा डब्यात ठेवला, चपला काढल्या आणि दारापाशी गेले.

दार लोटलेलं होतं. बिजागरीच्या बाजूला बोटभर फट होती. मी तिला डोळा लावला.

फटीतून सगळं दिसत नव्हतं, आणि आता वाटतं ते बरंच झालं. आधी एक गुडघा दिसला. पोटापासून सुटलेला, सरळ, रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा, त्यावर सगळा भार. मग पांढरं पोट. मग पुढचे दोन पाय, छातीपुढे सैल सोडलेले, मनगटात वाकलेले. शेजारी दुसरी तशीच. तिच्या शेजारी तिसरी. भिंतीपासून दोन हात अंतरावर, एका ओळीत. वर पेंढी नव्हती. खायला काहीच नव्हतं. माना पुढे होत्या आणि डोळे मिटलेले.

तिसरीच्या पलीकडे निळ्या लुगड्याचा काठ होता.

मी डोळा थोडा सरकवला. नवसाबाई ओळीत उभ्या होत्या. त्यांचे हात छातीपुढे तसेच, मनगटात वाकलेले. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर वेदना नव्हती, भीती नव्हती. उभं राहा म्हणून कुणीतरी सांगितलंय आणि बस म्हणायला विसरलंय, तसा चेहरा. मी बघत असताना सगळ्यांनी एकदम, अगदी थोडासा, भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला.

टक.

किती वेळ गेला मला माहीत नाही. वीज आली. पंख्यांची घरघर सुरू झाली आणि तिच्या खाली विटांवर खुरं पडल्याचा आवाज ऐकू आला, एकाच वेळी. मी दार उघडलं. सहाही शेळ्या चारी पायांवर होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. नवसाबाई दुसऱ्या टोकाला पाण्याची नळी सोडवत होत्या.

"जेवलात का, ताई?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, जेवले.

६

मी सरांना सगळं सांगितलं, बरणीसकट. मला वाटलं होतं ते हसतील किंवा रागावतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले, नवसाबाईंना घरी पाठवलं, मला खोलीत बसायला सांगितलं आणि एक खुर्ची घेऊन शेडमध्ये गेले. पंखे त्यांनीच बंद केले.

चार वाजता बाहेर आले. नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिले. काय पाहिलं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्या संपवू."

ठरल्याप्रमाणे प्रयोगाचे अजून दहा आठवडे बाकी होते. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, उद्याच.

औषधावरच्या सहा जणींना इंजेक्शनं त्यांनी एकट्याने दिली. मी बाहेर उभी होते. जनावराला अशी सुई दिली की ते काही क्षणांत खाली कोसळतं, तो आवाज मला ओळखीचा होता. मी त्याची वाट बघत राहिले. आला नाही. एकदाही नाही. मग दार उघडलं आणि सर उंबऱ्यात आले. कपाळावर घाम होता.

"मंजुषा, जरा हात लाव," ते म्हणाले. "माझ्याने एकट्याने त्या आडव्या होत नाहीत."

मी आत गेले. त्याबद्दल मला बोलायचं नाही.

गुडघे उघडले तेव्हा आम्ही पाडलेलं भोक कुठे होतं ते शोधूनही सापडेना. कूर्चा सलग होती, पांढरीशुभ्र, ओल्या शिंपल्यासारखी चकाकणारी. सर पुष्कळ वेळ ती हातात धरून बसले. "आयुष्यभर हेच बघायचं होतं मला," ते म्हणाले, आणि ती खाली ठेवली.

कंपनीला त्यांनी कळवलं की औषधाचा काहीही परिणाम दिसला नाही. मी विचारलं, हे खोटं नाही का? ते म्हणाले, खरं लिहिलं तर उद्या सकाळी प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याच्या घरात ही पूड कुटली जाईल. तिन्ही वस्तू रविवार कारंजाच्या बाजारात मिळतात.

नवसाबाईंच्या गुडघ्यांचे त्यांनी एक्स-रे काढले. गुडघे वीस वर्षांच्या मुलीसारखे होते. जे बरं झालंय ते बिघडवायचं औषध त्यांच्याजवळ नव्हतं.

७

मी पुढे सरकारी दवाखान्यात लागले, सिन्नरकडे. नवसाबाईंना भेटायला गेले नाही. दर वर्षी ठरवायचे आणि काहीतरी कारण काढायचे. २००४ साली बदली होऊन परत नाशिकला आले, तेव्हा कारणं संपली.

मखमलाबादला त्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही. दारापुढे गुलाबाचे वाफे होते. सून लताबाई अंगणात फुलांचे जुडगे बांधत होती. मी ओळख सांगितली. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं, पण दोष दिला नाही. सवयीचं झालेलं दुखणं सांगावं तसं सांगितलं. सासूबाई सहा वर्षांत बसल्या नाहीत. जेवतात उभ्याने, झोपतात उभ्याने. सुरुवातीला घरातल्या दोघांनी खांदे दाबून बसवायचा प्रयत्न केला, पण गुडघे मोडेनात, तेव्हा सोडून दिलं. फुलं मात्र दिवसभर तोडतात. थकत नाहीत. बाकी तब्येत उत्तम.

नवसाबाई आतल्या खोलीत होत्या, मधोमध. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. काठ्यांवर चालावं तशा ताठ पायांनी दोन पावलं पुढे आल्या आणि माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. मी बोलायला गेले आणि मला रडू आलं. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं हे. मी द्यायला नको होतं.

"दुखत नाय, ताई," त्या म्हणाल्या. "देवाशप्पथ सांगते, तवापासून कधी दुखलं नाय." मग कोपऱ्यातल्या खाटेकडे बोट दाखवून म्हणाल्या, बसा.

मी बसले. खाट जुनी होती, अंगाखाली थोडी खचली. दिवसभराच्या उभ्या कामाने माझे पाय भरून आले होते, त्यामुळे टेकल्यावर नकळत सुस्कारा सुटला. वर पाहिलं तर नवसाबाई माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या गुडघ्यांकडे बघत होत्या. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो तशा.

बाहेर लताबाई दोरा तोडत होती, तेवढा आवाज येत होता.

"ताई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "एकदा उठून परत बसून दाखवता?"

मी उठले. परत बसले.

"सावकाश," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा उठले आणि सावकाश बसले. पुन्हा उठले. ऊन दारातून सरकत भिंतीवर गेलं, आणि त्या पुरे म्हणाल्या नाहीत.